कारंज्याहून वाशिमला : पॅकेटची वाट ठरते कशी?

वाशिम जिल्ह्यात रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम निघाले, की जेसीबीपाठोपाठ दोन शब्द गावोगाव ऐकू येऊ लागतात : "लिंक नाही." बँकेच्या काउंटरवर हेच, सेतू केंद्रात हेच, रेशन दुकानातल्या पॉस मशीनपुढेही हेच. पीककर्जाच्या दिवसांत सातबारा काढायला आलेला शेतकरी दोन तास बसून राहतो आणि रिकाम्या हाताने गावाकडे परततो.

यात एक कोडे आहे. एकाच रस्त्यालगतच्या दोन कार्यालयांना एकाच चरातून ओएफसी, म्हणजे ऑप्टिकल फायबर केबल, आलेली असते. ती तुटल्यावर एका कार्यालयातले काम दिवसभर ठप्प होते आणि दुसऱ्यात केबल तुटल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. दोन्हीकडे वेग सारखा, बिलही जवळपास सारखेच. मग फरक कुठे पडतो?

उत्तराचा अर्धा भाग जमिनीत आहे : दुसऱ्या कार्यालयाला आणखी एक वाट आहे. उरलेला अर्धा भाग राऊटरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. पहिली वाट बंद पडल्याचे ओळखून दुसरी धरायची, हे ते सॉफ्टवेअर ठरवते. केबल किती किलोमीटर टाकली याच्या बातम्या होतात. या सॉफ्टवेअरबद्दल कोणी फारसे बोलत नाही. गेल्या दहाएक वर्षांत मात्र सर्वांत मोठा बदल त्यातच झाला आहे. एकेकाळी महागड्या यंत्रात बंद असलेले हे सॉफ्टवेअर आता 'कंटेनर' नावाच्या सुटसुटीत रूपात साध्या संगणकावरही चालते.

एक वाट की रिंग?

गावोगावी फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंजूर केली. तीच पुढे 'भारतनेट' झाली. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य सरकारने 'महानेट' या नावाने महाआयटीमार्फत हाती घेतले. सुरुवातीची रचना साधी होती. तालुक्याच्या ठिकाणच्या उपकरणातून फायबर निघायचे, वाटेत स्प्लिटर नावाचा भाग त्यातला प्रकाश अनेक धाग्यांत वाटून द्यायचा आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत एक छोटे उपकरण तो प्रकाश पकडायचे. स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे ही रचना स्वस्त पडते. पण गावाला वाट एकच. ती तुटली की गाव तुटले.

४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाने ही रचनाच बदलायला घेतली. १,३९,५७९ कोटी रुपयांच्या या कार्यक्रमात देशातल्या २.६४ लाख ग्रामपंचायती रिंग पद्धतीने जोडायच्या आहेत. तालुक्याच्या ठिकाणी आणि ग्रामपंचायतीतही राऊटर बसवायचे आहेत आणि दहा वर्षांची देखभाल कार्यक्रमातच धरली आहे. रिंगमध्ये गावाला दोन्ही बाजूंनी फायबर येते. एक बाजू तुटली तरी दुसरी राहते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आणि २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेला वाशिम जिल्हा अशा योजनांकडे डोळे लावून असणे स्वाभाविक आहे.

रिंग आली की एक नवा प्रश्नही येतो. स्प्लिटरला काही ठरवायचे नसते. प्रकाश आला, वाटला, संपले. रिंगमधल्या राऊटरला मात्र प्रत्येक पॅकेटसाठी डावीकडे की उजवीकडे हे ठरवावे लागते. चुकीचे ठरले तर पॅकेट रिंगमध्येच गोल गोल फिरत राहील. तसे कायमचे होऊ नये म्हणून प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, प्रत्येक राऊटर तो एकने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिले जाते.

चौकट : लेखात येणारे चार शब्द

*पॅकेट* – माहितीचा छोटा तुकडा. एक फोटो पाठवला तर त्याची अशी शेकडो पॅकेटे होतात. प्रत्येकावर पोहोचण्याचा पत्ता असतो.

*राऊटर* – पत्ता वाचून पॅकेट पुढच्या योग्य तारेवर सोडणारे यंत्र.

*प्रोटोकॉल* – दोन यंत्रांनी आपापसांत कसे बोलायचे याचे ठरलेले नियम.

*कर्नल* – संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, प्रोसेसर आणि नेटवर्क यांचा ताबा त्याच्याकडे असतो.

राऊटर नकाशा कसा काढतात

समजा, जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक राऊटर आहे आणि केबल मुख्य रस्त्यांच्या कडेने गेली आहे. कारंज्याहून वाशिमला जायला दोन वाटा आहेत. एक मंगरूळपीरवरून, दुसरी शेलुबाजारमार्गे मालेगाववरून. कारंजा–मंगरूळपीर आणि मंगरूळपीर–वाशिम या दोन्ही टप्प्यांचा 'खर्च' प्रत्येकी १० धरू. कारंजा–मालेगावची तार कमी वेगाची, म्हणून २०, मालेगाव–वाशिम १०. हा खर्च रुपयांत नसतो. कमी वेगाच्या तारेला जास्त आकडा द्यायचा, अशी ती सोय आहे.

ओएसपीएफ नावाच्या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक राऊटर आपल्याला जोडलेल्या तारा आणि त्यांचे खर्च सर्वांना कळवतो. कारंज्याचा राऊटर सांगतो, "माझ्याकडून मंगरूळपीर १०, मालेगाव २०." मंगरूळपीर, मालेगाव, वाशिम आपापले सांगतात. थोड्याच वेळात प्रत्येकाकडे जिल्ह्याचा एकच संपूर्ण नकाशा तयार होतो. मग प्रत्येक राऊटर स्वतःपासून इतर सर्व ठिकाणांपर्यंतची कमी खर्चाची वाट स्वतंत्रपणे काढतो. ही वाट काढण्याची रीत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये शोधली आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या उदाहरणात मंगरूळपीरमार्गे २० आणि मालेगावमार्गे ३०. म्हणून पॅकेट मंगरूळपीरवरून जाते.

आता मंगरूळपीर–वाशिम केबल तुटली. मंगरूळपीरचा राऊटर ही तार गेल्याचे सर्वांना कळवतो, सगळे नकाशा दुरुस्त करतात, हिशेब पुन्हा होतो आणि कारंज्याची पॅकेटे मालेगाववरून जाऊ लागतात. कोणालाही फोन करावा लागत नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती समजून घेण्याजोगी आहे. केबल थेट राऊटरमध्ये येत असेल तर प्रकाश बंद झाल्याचे त्याला लगेच कळते. पण मध्ये दुसरे एखादे उपकरण असेल तर राऊटरच्या तोंडाशी प्रकाश चालूच राहतो आणि तार पलीकडे कुठेतरी तुटलेली असते. अशा वेळी राऊटरला शेजाऱ्याच्या 'हॅलो' संदेशाची वाट पाहावी लागते. ओएसपीएफमध्ये हा संदेश साधारणपणे दर १० सेकंदांनी जातो आणि ४० सेकंद काहीच आले नाही तर शेजारी गेला असे मानतात. पैसे भरण्याचा व्यवहार चालू असताना ४० सेकंद हा फार मोठा वेळ झाला. म्हणून बीएफडी नावाचा वेगळा, अगदी हलका प्रोटोकॉल २०१० मध्ये प्रमाणित झाला. त्याचे काम एकच : शेजारी जिवंत आहे का, हे सतत विचारत राहणे. दर ३०० मिलिसेकंदांनी संदेश आणि सलग तीन चुकले तर तार तुटली असे मानायचे, ही त्याची नेहमीची मांडणी. म्हणजे एका सेकंदाच्या आत निदान. कोड्यातल्या दुसऱ्या कार्यालयात केबल तुटल्याचे कोणाला कळले नाही, ते अशाच व्यवस्थेमुळे.

कंटेनर म्हणजे वाड्यातले बिऱ्हाड

हे हिशेब करणारे प्रोग्रॅम पूर्वी राऊटर कंपनीच्या यंत्रातच मिळत. यंत्र घ्या, सॉफ्टवेअर त्याच्यासोबत येईल. सॉफ्टवेअरमध्ये नवी सोय हवी असेल तर पुष्कळदा यंत्रच बदलावे लागे. हे बंधन कंटेनरने सैल केले.

जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहत. पाया एक, विहीर एक, अंगण एक. पण प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी, कुलूप वेगळे आणि दारावरची पाटी वेगळी. एक बिऱ्हाड गेले आणि नवे आले तर वाडा पाडावा लागत नाही. कंटेनर हे असे बिऱ्हाड आहे. संगणकाचा कर्नल हा वाड्याचा पाया आणि विहीर. तो सर्वांना सामायिक. प्रोग्रॅम, त्याला लागणारी साधने आणि त्याच्या फायली यांची जुळणी मात्र प्रत्येक कंटेनरमध्ये स्वतंत्र. याआधी रूढ झालेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रत्येक कुटुंबासाठी पायासह वेगळे घर बांधावे लागे, म्हणजे प्रत्येक वेळी आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम. म्हणून ती सुरू व्हायला वेळ लागतो. कंटेनर काही सेकंदांत सुरू होतो.

लिनक्स कर्नलमध्ये यासाठी दोन सोयी आल्या. 'नेमस्पेस'मुळे प्रत्येक कंटेनरला स्वतःचे नेटवर्क मिळते : स्वतःचे पोर्ट, स्वतःचे पत्ते आणि पॅकेटांच्या वाटांचा स्वतःचा तक्ता. 'सीग्रुप'मुळे कोणी किती मेमरी आणि किती प्रोसेसर वापरायचा याची मर्यादा घालता येते. सीग्रुपची कल्पना गुगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये मांडायला सुरुवात केली. २०१३ मध्ये 'डॉकर' आले आणि कंटेनर तयार करणे, पाठवणे आणि चालवणे सर्वसामान्य प्रोग्रॅमरच्या आवाक्यात आले.

राऊटिंगचे सॉफ्टवेअर त्यात बसायला फार दिवस लागले नाहीत. मायक्रोसॉफ्टने आपल्या अझूर सेवेच्या डेटा सेंटरांसाठी 'सोनिक' नावाची प्रणाली तयार केली आणि २०१६ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. अझूरचा 'सेंट्रल इंडिया' विभाग २०१५ पासून पुण्यात आहे, तेव्हा ही गोष्ट मराठी वाचकाच्या घराजवळचीच. सोनिकमध्ये वाटा ठरवणारा प्रोग्रॅम एका कंटेनरात, शेजारच्या यंत्रांची ओळख ठेवणारा दुसऱ्यात, देखरेख करणारा तिसऱ्यात, माहितीसाठा चौथ्यात अशी वाटणी आहे. ज्युनिपर कंपनीने १९९८ मध्ये बाजारात आणलेल्या आपल्या जूनोस प्रणालीतला राऊटिंगचा प्रोग्रॅम वेगळा काढून 'सीआरपीडी' या नावाने कंटेनरमध्ये दिला. मोफत आणि खुल्या पर्यायांत 'एफआरआर' महत्त्वाचा. त्याचे मूळ जपानी प्रोग्रॅमर कुनिहिरो इशिगुरो यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या 'झेब्रा'त आहे.

ठरवणारा वेगळा, नेणारा वेगळा

राऊटरची दोन कामे असतात. एक ठरवण्याचे, दुसरे प्रत्यक्ष नेण्याचे. कंटेनरमधला प्रोग्रॅम वाटा ठरवतो आणि तयार तक्ता कर्नलच्या किंवा यंत्रातल्या चिपच्या हवाली करतो. पॅकेट पुढे ढकलण्याचे काम कर्नल किंवा चिप करते.

ही विभागणी एकदा लक्षात आली की कंटेनर का सोयीचे, हे उलगडते. समजा प्रोग्रॅममध्ये दोष सापडला आणि नवी आवृत्ती टाकायची आहे. जुना कंटेनर बंद केला, नवा सुरू केला. मधल्या काही सेकंदांत ठरवणारा कोणीच नाही. तरीही तक्ता कर्नलमध्ये शाबूत ठेवला तर पॅकेटे जातच राहतात. शेजारच्या राऊटरांना मात्र आधी सांगून ठेवावे लागते : मी थोडा वेळ गप्प राहीन, माझ्या वाटा लगेच पुसू नका. या समजुतीला 'ग्रेसफुल रीस्टार्ट' म्हणतात. ती नसेल तर साधी दुरुस्तीसुद्धा शेजाऱ्यांना अपघातासारखी दिसते आणि सगळीकडे नकाशे बदलू लागतात. कंटेनरमधल्या राऊटिंग सॉफ्टवेअरची एकच सोय निवडायची झाली तर ही निवडावी, इतकी ती मोलाची आहे.

दुसरी सोय सारख्या वाटांची. कारंजा–मालेगावची केबल बदलून खर्च १० केला तर वाशिमला जायच्या दोन्ही वाटा २० च्या होतात. मग सॉफ्टवेअर दोन्ही वाटा तक्त्यात ठेवते आणि भार वाटून देते. एकाच फोन कॉलची पॅकेटे दोन वाटांनी गेली तर ती मागेपुढे पोहोचतील. म्हणून पाठवणारा, घेणारा आणि पोर्ट या आकड्यांवरून हिशेब करून एका संवादाची पॅकेटे एकाच वाटेने नेतात.

तिसरी सोय वेगळेपणाची. एकाच केबलवरून ग्रामपंचायत, बँक आणि मोबाइल टॉवर यांची पॅकेटे जातात, पण ती एकमेकांना दिसता कामा नयेत. 'व्हीआरएफ'मुळे एकाच राऊटरमध्ये प्रत्येकाचा तक्ता वेगळा ठेवता येतो. 'एमपीएलएस'मध्ये पॅकेटला सुरुवातीलाच एक आकडी लेबल लावतात आणि मधले राऊटर पत्ता न उलगडता फक्त लेबल पाहून ते पुढे देतात. लेबल २० बिटांचे, म्हणजे १०,४८,५७६ वेगवेगळी लेबले शक्य. सुधारित भारतनेटची आखणी याच एमपीएलएस पद्धतीवर आहे.

जिल्ह्याबाहेरची वाट

वाशिमचे पॅकेट मुंबईला आणि तिथून समुद्रातल्या केबलने परदेशी जाते तेव्हा वाटेत अनेक कंपन्या लागतात. कंपनी कंपनीला आपला आतला नकाशा दाखवत नाही, ती फक्त सांगते, "हे पत्ते माझ्यामार्फत मिळतील." हे सांगण्याचा प्रोटोकॉल म्हणजे बीजीपी. कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९८९ मध्ये जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर त्याचा पहिला आराखडा मांडला. प्रत्येक मोठ्या जाळ्याला यात एक क्रमांक असतो : बीएसएनएल ९८२९, एअरटेल ९४९८, जिओ ५५८३६.

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊनंतर भारतात व्हॉट्सअॅप बंद पडले आणि जवळपास सहा तास बंद राहिले, ते अनेकांना आठवत असेल. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने फेसबुकचे अंतर्गत जाळे तुटले आणि त्यांच्या सर्व्हरांनी "हे पत्ते माझ्यामार्फत मिळतील" ही बीजीपीतली घोषणाच मागे घेतली. सर्व्हर जागेवर होते. जगाला त्यांची वाट ठाऊक नव्हती. त्याआधी २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी केलेली खोटी घोषणा सीमेबाहेर पसरली आणि जगभरचे यूट्यूब सुमारे दोन तास विस्कळीत झाले. आता पत्त्यांच्या मालकीवर डिजिटल सही करण्याची 'आरपीकेआय' पद्धत आहे आणि ती तपासण्याची सोय एफआरआरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मिळते.

मोठ्या कंपनीच्या आतही बीजीपी लागतो आणि तिथे एक गणिती अडचण येते. बाहेरून कळलेल्या वाटा आतल्या प्रत्येक राऊटरला सांगायच्या तर प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलले पाहिजे. १०० राऊटर असतील तर ४,९५० संवाद. यावर १९९६ मध्ये 'रूट रिफ्लेक्टर' हा उपाय आला : सर्वांनी एकाला सांगायचे आणि त्याने सर्वांना. या एकाला ढीगभर केबल लागत नाहीत. लागते ती मेमरी आणि हिशेबाची ताकद, कारण जगातल्या आयपीव्ही-४ वाटांची यादी आता दहा लाखांच्या घरात आहे. म्हणजे साध्या सर्व्हरवरचा कंटेनर या कामाला अगदी योग्य. सीआरपीडीचा हा एक प्रमुख उपयोग आहे.

जे सॉफ्टवेअरला जमत नाही

बिऱ्हाड कितीही नीटनेटके असले तरी वाड्याच्या विहिरीला पाणी नसेल तर काय करणार? यजमान संगणकाच्या कर्नलमध्ये एमपीएलएसची सोय सुरू केलेली नसेल तर कंटेनर ती आतून आणू शकत नाही. कर्नल सामायिक असल्याने त्यातला सुरक्षेचा दोष सर्व कंटेनरांना बाधू शकतो. साधा प्रोसेसर पॅकेटे नेण्यात खास चिपची बरोबरीही करत नाही. म्हणून मोठ्या मार्गांवर ठरवायला कंटेनर आणि न्यायला चिप अशी जोडी लावतात.

सर्वांत मोठी मर्यादा जमिनीतच आहे. रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरातून गेल्या असतील तर ती रिंग फक्त कागदावर आहे. जेसीबीचा एक घाव दोन्ही तोडतो आणि जगातले कोणतेही सॉफ्टवेअर तिसरी वाट शोधू शकत नाही, कारण ती नसतेच. विजेचेही तसेच. भारनियमनात राऊटरच बंद झाला तर नकाशा कोण काढणार? सुधारित कार्यक्रमात बॅटरीची तरतूद आहे; तिची देखभाल होणे तितकेच गरजेचे.

तिसरी वाट आकाशातून येऊ शकते. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने उपग्रहाद्वारे इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी इरादापत्रावर सह्या केल्या आणि त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव यांच्यासोबत वाशिमचे नाव आहे. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात. म्हणून इथे संदेशाला लागणारा वेळ बराच कमी. मात्र फायबर चालू असताना फायबर आणि तुटले तरच उपग्रह, हा क्रम पुन्हा राऊटिंगच्या सॉफ्टवेअरलाच सांभाळावा लागेल.

लॅपटॉपवर वाशिम जिल्हा

हे सगळे शिकायला कोट्यवधींची प्रयोगशाळा लागत नाही. 'कंटेनरलॅब' हे मोफत साधन एका साध्या मजकुराच्या फायलीवरून कंटेनर सुरू करते आणि त्यांच्यात आभासी केबल जोडते. सहा कंटेनरांना वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा अशी नावे द्यावीत, प्रत्येकात एफआरआर चालवावे, रस्त्यांप्रमाणे आठ तारा जोडाव्यात. सगळ्यांचा खर्च सारखा ठेवला तर रिसोडहून मानोऱ्याला दोन सारख्या वाटा दिसतील : एक वाशिम–मंगरूळपीरवरून, दुसरी मालेगाव–कारंज्यावरून. पॅकेट कोणकोणत्या राऊटरवरून गेले हे दाखवणारे 'ट्रेसराऊट' चालू ठेवून एका तारेवरची पॅकेटे मध्येच अडवावीत आणि वाट बदलताना पाहावी. मग बीएफडी लावून तोच प्रयोग पुन्हा करावा आणि दोन्ही वेळांतला फरक मोजावा.

वाशिमच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या आणि जिल्ह्यातल्या इतर महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी हा प्रयोग येत्या सत्रात विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा. तालुक्या-तालुक्यात आणि गावागावात राऊटर बसणार असतील तर ते समजणारी मुलेही इथलीच हवीत. आणि गावात रिंगचे काम सुरू होईल तेव्हा ग्रामसभेने कंत्राटदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा : आमच्या गावात येणारी दोन्ही टोके दोन वेगळ्या रस्त्यांनी येताहेत ना? नकाशा मागून घ्यावा आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा.